कातरण

पिंपळखुटा फाट्यावर माझं दुकान:
चार टिना, एक बल्ब, कटर आणि रेडियमचे रोल.
नंबरप्लेटा करतो. ट्रकांच्या पाठीवर वाघ,
बुलेटवर 'राजे', ऑटोवर 'आईची पुण्याई',
एकदा एका टँकरवर मालकाच्या तिन्ही पोरींची नावं,
धाकटीचं सगळ्यात मोठं.

अक्षर कापलं की आजूबाजूचं उरतं.
'ई'च्या पोटातलं, वाघाच्या दोन पायांमधलं.
ते मी डब्यात टाकायचो. कशासाठी, ठाऊक नव्हतं
मागच्या कार्तिकापर्यंत.

जिनिंग सुरू झाली होती. कापसाच्या गाड्या
अंगाबाहेर फुगून रस्त्याच्या दोन्ही कडा खात होत्या.
दुसरी पाळी अकराला सुटते, भोंगा वाजतो अकरा दहाला,
कारण भोंग्याचं घड्याळ मालकाचं आहे.
मी वणीवरून येत होतो. हेडलाइट महिनाभर आंधळा,
उद्या करू, उद्या करू,
दुसऱ्यांच्या गाड्या चमकवणारा माणूस.

हँडल एका पिशवीला लागलं.
फक्त पिशवीला.
आतला डबा वाजत वाजत नालीत गेला,
अजून जातो कधी कधी, झोपेत.
दुर्पताबाई आत्राम. केसांत रुई, पायांत प्लास्टिकच्या चपला.
शिवी दिली नाही. म्हणाली,
"मले तू दिसला, बापू. तुले मी नाई दिसली."

त्या रात्री कातरणीचा डबा उपडा केला.
पट्ट्या, चंद्रकोरी, वाघाच्या शेपटीबाहेरचं आभाळ.
शाळेत नेलं. नन्नावरे मॅडमनं
प्रार्थनेनंतर दहा मिनिटं दिली.
म्हटलं, याला स्वतःचा उजेड नसतो,
कोणी उजेड टाकला तर तेवढ्यापुरतं हे उत्तर देतं.
म्हटलं, उजव्या कडेनं चाला,
येणारी गाडी तोंडासमोर राहू द्या.
सातवीतली आचल कुमरे उभी राहिली:
"अन् गाडीवाला पिऊन असन तर?"
मॅडम हजेरीपटात बघू लागल्या.
मी म्हटलं, तर दप्तर टाक आणि नालीत उडी मार.
पोट्टे हसले. आचल हसली नाही.
तिनं दप्तराला लावलं, सायकलच्या मडगार्डला,
आणि उरलेलं बापाच्या बंडीला, मागून.
"बैलाले समोरचं दिसते," म्हणाली,
"मागचं कोणाले दिसते?"

मग जिनिंगच्या गेटवर वाटलं.
आता भोंगा झाला की बल्ब विझवून बसतो.
वळणावर एखादा ट्रक येतो आणि काळोखात
डबे उजळतात, पिशव्या उजळतात,
कोणाच्या खांद्यावर 'राजे'मधली पोकळी.
मी मोजतो. सतरा.
अठरावं येत नाही.
दोन चमकांच्या मधात जो अंधार चालत येतो
ती दुर्पताबाई.

विचारलं, तर म्हणे,
"लोकाच्या नावाची कातरण मी कायले घेऊ?
तीस वर्सं लोकाची रुई डोक्यावर घेऊन घरी जातो.
द्याचं तर अख्खं दे."

पिवळं नको, लाल नको. पांढरं.
'दु'चा उकार कापताना हात थोडा अडला.
टँकरवरच्या पोरी टँकरवर बसून गेल्या,
हे नाव पायी जाणार होतं.
पैसे द्यायला लागली. घेतले नाहीत,
तर दुसऱ्या दिवशी पायलीभर बोरं ठेवून गेली.

काल अकरा दहाला वरोऱ्याकडून एक बाराचाकी आला.
लाइट तिच्या पाठीवर पडला.
चाकं करकरली, हळू झाली.
क्लीनरनं खिडकीतून डोकं काढून वाचलं,
अक्षर जोडत, मोठ्यानं: दु... र्प... ता.
ती थांबली नाही, वळली नाही.
कोणी हाक मारली तरी
चुलीवरचं आठवून बाई जशी चालत राहते,
तशी उजव्या कडेनं
घराकडं निघून गेली.